चपटी कॉइल की उभी?

वायरलेस विजेचा, म्हणजे तारेच्या एका वेटोळ्यातून (कॉइलमधून) समोरच्या दुसऱ्या वेटोळ्यात जोडणीशिवाय वीज पोहोचवण्याचा प्रयोग घरी करायचा, तर पहिला प्रश्न कॉइलच्या आकाराचा येतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली एकाच जाडीची, इनॅमलचा (विजेला अडवणारा) पातळ लेप असलेली तार मी दोन्ही प्रकारे गुंडाळून पाहिली: एकदा पुठ्ठ्यावर जिलेबीसारखी चपटी, एकदा पीव्हीसी पाइपवर उभी.

उभी कॉइल गुंडाळणे सोपे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २००७ मध्ये दोन मीटरवरून ६० वॅटचा दिवा पेटवला तोही स्प्रिंगसारख्या कॉइलनेच. मात्र त्या कॉइल सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाच्या आणि एकाच फ्रिक्वेन्सीला (कंपनसंख्येला) नेमक्या जुळवलेल्या होत्या.

चपटी कॉइल संयमाची परीक्षा घेते, कारण दुहेरी टेप लावली नाही तर मधले वेढे सुटून सगळी जिलेबी उसळते. तरीही दोन चकत्या समोरासमोर धरल्या की सगळेच वेढे एकमेकांच्या जवळ येतात, चुंबकीय क्षेत्राचा अधिक भाग दुसऱ्या कॉइलमधून जातो आणि एलईडी ठळक उजळतो. उभ्या कॉइलचे दूरच्या टोकाचे वेढे त्या मानाने फारसे उपयोगी पडत नाहीत. मोबाइलच्या वायरलेस चार्जरमध्येही चपटीच कॉइल असते. निकोला टेस्ला यांनी १८९४ च्या पेटंटमध्ये दोन तारा शेजारी गुंडाळून, एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडून, कॉइलचीच कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढवली होती. ती रचनाही चकतीवर सुरेख जमते.

काही सेंटिमीटरच्या अंतरासाठी मी निःसंशय चपटीच निवडीन. दोन्हींत टोकांवरचे इनॅमल मात्र लालसर तांबे दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासावे, आणि प्रयोग बॅटरीवरच करावा, घरातल्या प्लगवर कधीही नाही.