बोअर किट टाकून बरेच महिने झाले: पिकअप झकास, पण एव्हरेज खाल्लं ते गिअरिंगने

परवा किट बसवणाऱ्या मेकॅनिकशी चांगलंच वाजलं म्हणून लिहायला बसलोय, कोणी दीडशे सीसीच्या बाइकला बोअर किट (मोठ्या व्यासाचा सिलिंडर आणि पिस्टन) टाकायचा विचार करत असेल त्याने हे आधी वाचावं.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७ चा ६२ मिमी झाला, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तोच ५८.७. म्हणजे १५० ची १७७ सीसी. पाचच मिमी वाढले तरी १८ टक्के सीसी वाढते कारण हिशोबात बोअरचा वर्ग येतो. डबलसीट चढाला आधी तिसरा लागायचा तिथे आता चौथ्यात ओढते, मजा येते खरंच. टॉप स्पीड मात्र जवळपास तेवढाच, कारण व्हॉल्व्ह, पोर्ट, कार्ब्युरेटर सगळं जुन्या मापाचं, वरच्या आरपीएमला इंजिनाने जास्त हवा ओढायची कुठून? सीसी १८ टक्के वाढली की पॉवरही १८ टक्के वाढते असं सांगून किट विकतात ते साफ चूक आहे.

मग चढाला इंजिनात ठोके (नॉकिंग, मिश्रण अवेळी पेटल्याचा खडखडाट) सुरू झाले. मेकॅनिक म्हणे पेट्रोल खराब. अहो, हेडमधली जागा तेवढीच आणि खाली सीसी वाढली, तर कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १० चं साडेअकराच्या वर जाणारच ना! शिवाय बोअर मोठा म्हणजे प्लगपासून कडेपर्यंत ज्योत पोचायला वेळ लागतो, तोवर कडेचं मिश्रण आपोआप पेटतं. खूप वाद घातल्यावर खोलगट डोक्याचा पिस्टन टाकून दिला, ठोके गेले.

पण एव्हरेज पडलेलंच. मोठा सिलिंडर पेट्रोल पिणारच असं धरून मी जुना ब्लॉक (सिलिंडर) परत चढवणार होतो, पण ते मनाला पटेना. सिलिंडर मोठा झाला की आतल्या जागेच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ कमी पडतं, उष्णता कमी वाया जाते. जहाजाच्या ९६० मिमी बोअरच्या डिझेल इंजिनांची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आसपास जाते, त्यात या गोष्टीचाही वाटा आहे. मग इथेच उलटं का?

थ्रॉटलमुळे! त्याच स्पीडला मोठ्या इंजिनाचा थ्रॉटल (हवेच्या वाटेतली झडप) आणखी बंद असतो आणि अर्धवट बंद वाटेतून हवा ओढण्यातच ताकद जाते. म्हणून गिअरिंग बदललं: पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) १४ दात्यांचं काढून १५ चं टाकलं, आरपीएम साधारण ७ टक्के उतरले, थ्रॉटल जरा जास्त उघडा राहायला लागला आणि एव्हरेज जवळपास जुन्यावर आलं!! एवढुसं स्प्रॉकेट, ते किटसोबतच बदलायला हवं होतं, आणि हा माणूस अजून म्हणतो त्याचा काही संबंध नाही. याच्यावरूनच भांडण.

ब्लॉक आता काढणार नाही. प्लग अजून पांढरट येतोय, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर वाढवायचाय, ते काम दुसरीकडे करून घेणार.