कोरल ब्यूटी: आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

कोरल ब्यूटी हा खाऱ्या पाण्याच्या टाकीतला शोभेचा मासा. घेताना दुकानदार म्हणाला होता, "एकदम रीफ सेफ, डोळे झाकून न्या." नेमके तेच केलं. (रीफ सेफ म्हणजे टाकीतल्या कोरलना, प्रवाळांना, त्रास न देणारा.)

मासा देखणा, यात वादच नाही. जांभळं-निळं अंग, कुशीवर केशरी झाक, त्यावर बारीक उभ्या रेघा. सकाळी निळे दिवे लागले की समोरून उठवत नाही. दिवसभर खडकावरचं शेवाळ टिपत फिरतो.

पहिले दोन आठवडे अगदी गुणी बाळ. मग अॅकॅन या कोरलचा मांसल भाग आक्रसलेला दिसला, टाचणीने टोचल्यासारखा. खुर्ची लांब नेऊन बसलो. महाशय आले, अंग तिरकं करून एक डोळा कोरलवर रोखला, टचकन चावा घेतला आणि खडकामागे पसार! झोअँथिड (कोरलचे नातेवाईक) तर मिटूनच बसले. अॅक्रोपोरा, माँटिपोरा या कोरलकडे मात्र अजून ढुंकूनही पाहिलेलं नाही.

आता दिवसातून तीनदा थोडं थोडं खायला देतो, क्लिपला नोरीची (सुक्या समुद्री शेवाळाची) पट्टी असतेच. चावे कमी झाले, थांबले नाहीत. शेवटी अॅकॅनच दुसऱ्या टाकीत हलवला.

वाढतो जेमतेम 10 सेंटीमीटरपर्यंत, पण माझ्या 300 लिटरच्या टाकीत मालकी त्याचीच. नंतर सोडलेल्या रॉयल ग्रामा या छोट्या माशाला आठवडाभर पळव पळव पळवलं. हा मासा सगळ्यांत शेवटी सोडायचा, हे मला उशिरा कळलं.

माशाला पाचपैकी साडेतीन. दुकानदाराच्या "डोळे झाकून"ला शून्य.