डॉज डी१०० मध्ये ९० अँपिअरचा आल्टरनेटर आणि व्होल्टमीटर: काही महिने वापरल्यावर

गाडी १९७४ ची डॉज डी१०० पिकअप, इंजिन ३१८ व्ही-८. मूळ आल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) जागी डेन्सोचा ९० अँपिअरचा बसवला आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून क्रायस्लरच्याच गाड्यांवर येत असे, तोच. डॅशबोर्डवरचा अॅमीटर (करंट दाखवणारा काटा) काढून व्होल्टमीटर घातला. एक उन्हाळा आणि एक कडक हिवाळा झाला. आल्टरनेटर उत्तम आहे, पण खरा फरक तारांनी पाडला. जुनं वायरिंग तसंच ठेवून नुसता मोठा आल्टरनेटर लावणार असाल, तर सरळ लावूच नका.

कारण मूळ रचनेत आहे. या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट आल्टरनेटरकडून काळ्या तारेने फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कनेक्टरमधून केबिनमध्ये येतो, अॅमीटरमधून जातो आणि त्याच कनेक्टरच्या दुसऱ्या पिनेतून लाल तारेने बाहेर पडून बॅटरीला पोचतो. कनेक्टरच्या त्या पिना म्हणजे पाव इंची चपटी पाती. गाडी नवी असताना आणि भार कमी असताना चालून गेलं. पन्नास वर्षांनी पात्यांवर गंज चढलेला असतो, अॅमीटरचे नट सैल झालेले असतात. बॅटरी उतरलेली असताना ९० अँपिअरचा आल्टरनेटर त्याच वाटेने करंट ढकलतो आणि प्लास्टिक वितळायला लागतं. कनेक्टर उपसून बघा. काळ्या आणि लाल जाड तारेच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं असेल, तर सुरुवात झालेली आहे.

काम सुरू करण्याआधी एक मोजमाप घेऊन ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, हीटरचा पंखा पूर्ण. मल्टिमीटरची एक पिन आल्टरनेटरच्या जाड स्टडवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. या गाडीत जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जात होता. आता ०.२ च्या आत आहे.

नवी केबल ६ गेज (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड) तांब्याची, आल्टरनेटरच्या स्टडपासून थेट स्टार्टर रिलेच्या बॅटरीकडच्या स्टडपर्यंत, साधारण दीड मीटर. या जाडीला मीटरमागे १.३ मिलिओहम धरा, म्हणजे ६० अँपिअरला जेमतेम ०.१२ व्होल्टची घट. बॅटरीकडच्या टोकाला १२५ अँपिअरचा बोल्टने आवळायचा फ्यूज. दोन्ही टोकांना तांब्याचे लग (बोल्टवर बसणारी कडी), हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले, वर गोंदवाली श्रिंक ट्यूब. हातोडीने ठोकलेला लग वरून ठीक दिसतो आणि नंतर गरम होतो.

यानंतरचा भाग बरेच जण अर्धवट सोडतात. नवी केबल टाकली आणि आल्टरनेटरवरची जुनी काळी तार तशीच ठेवली, तर केबिनमधल्या तारेला आता दोन्ही बाजूंनी बॅटरी मिळते. डॅशमध्ये शॉर्ट झाला तर लाल तारेची फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा बारीक तारेचा तुकडा) जळून तुटेल, पण काळ्या बाजूने नव्या केबलमार्फत करंट येतच राहील. १२५ चा फ्यूज उडायच्या आधी ती बारीक तार पेटेल. तार सोडवून नुसती टेप गुंडाळून लटकत ठेवली, तरी तिचं टोक केबिनकडून जिवंतच असतं. सुरक्षित मार्ग असा: काळी तार आल्टरनेटरवरून काढा, स्टार्टर रिलेच्या त्याच स्टडवर आणा आणि तिला तिची स्वतंत्र लिंक द्या. लिंक तारेपेक्षा चार आकडे बारीक असते, म्हणजे १२ गेजच्या तारेला १६ गेजची. अॅमीटरच्या दोन्ही तारा मग एकाच पितळी बोल्टवर घट्ट जोडून वर रबरी नळी चढवायची. आता केबिनचा भार दोन पिनांत वाटला जातो आणि चार्जिंगचा करंट आत येतच नाही. पिना ब्रशने साफ करून, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावूनच परत बसवा.

रेग्युलेटर (आल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा डबा) बाहेरचाच ठेवला आहे, त्रिकोणी प्लगचा इलेक्ट्रॉनिक. निळी तार इग्निशनवरून येते, ती आल्टरनेटरच्या एका फील्ड-टर्मिनलला (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीच्या टोकाला) आणि रेग्युलेटरला जाते. हिरवी दुसऱ्या फील्डपासून रेग्युलेटरला, आणि रेग्युलेटर तिला गरजेप्रमाणे अर्थ देतो. डेन्सोवर दोन्ही फील्ड बाहेर असल्याने इतर काही बदलावं लागत नाही. १९६० च्या दशकातल्या एका फील्ड-तारेच्या गाडीत मात्र एक फील्ड-टर्मिनल आल्टरनेटरच्या बॉडीला अर्थ करावं लागतं.

रेग्युलेटर व्होल्टेज ओळखतो ते निळी तार आणि स्वतःची बॉडी यांच्यामध्ये. बॉडीखालचा रंग खरवडला नाही, तर त्याला व्होल्टेज कमी दिसतं आणि तो बॅटरी जास्त चार्ज करतो. निळ्या तारेतली घटही तेच करते. चावी चालू, इंजिन बंद ठेवून बॅटरी-प्लस आणि रेग्युलेटरची निळी तार यांच्यामध्ये मोजा: ०.२ व्होल्टच्या वर असेल तर तेवढंच जास्त व्होल्टेज बॅटरीला जातं. या गाडीत घट ०.६ होती, म्हणून रेग्युलेटर १४.२ वर धरत असताना बॅटरीवर १४.८ यायचे. इथे ३० अँपिअरचा साधा रिले घालून प्रश्न सुटला. मात्र निळी तार कापायलाच हवी (पुढचे आकडे रिलेच्या पिनांचे): इग्निशनकडचं टोक ८६ ला, रेग्युलेटर-फील्डकडचं टोक ८७ ला, ३० ला फ्यूज घालून बॅटरी, ८५ ला अर्थ. न कापता ८७ तिथेच जोडला, तर रिले स्वतःलाच धरून ठेवतो आणि चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही.

व्होल्टमीटरबद्दल. इंधन आणि तापमानाच्या काट्यांना या डॅशमध्ये लिमिटरमार्फत (व्होल्टेज कमी करणाऱ्या स्विचमार्फत) ५ व्होल्टच्या आसपास तुटक पुरवठा जातो. व्होल्टमीटर त्या पट्टीवर जोडला तर काटा नाचत बसतो. इग्निशनवर चालणाऱ्या पूर्ण १२ व्होल्टच्या तारेवरून, २ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. शक्यतो वरच्या रिलेच्या ८७ वरून, म्हणजे केबिनच्या वायरिंगमधली घट त्यात मिसळत नाही. व्होल्टमीटरच्या दिव्याचा फ्यूज वेगळा.

वापरातला अनुभव: गरम इंजिनला महामार्गावर काटा १४ ते १४.२ वर स्थिर असतो. सिग्नलला उभं राहून हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू असलं तरी १३.६ च्या खाली गेलेला नाही. पूर्वी याच वेळी दिवे पिवळे पडत. हेडलाइटलाही रिले घातले आहेत, हे सांगायला हवं. दोन सील्ड बीमचे नऊ-दहा अँपिअर आता लाइट-स्विचमधून जात नाहीत.

कुरबुरी दोन. पट्टा एकच असेल तर थंडीत सुरू केल्यावर किंचाळतो, कारण पूर्ण भाराला हा आल्टरनेटर इंजिनाकडून तीनेक अश्वशक्ती मागतो. डेन्सोवर बऱ्याचदा सहा-खाचांची पुली येते. ती काढून व्ही-पट्ट्याची, जमल्यास दोन खाचांची घाला आणि सरळ पट्टी लावून रेषा जुळवा. आमच्याकडे मागे दोन वॉशर लागले. नवा पट्टा आठवड्याभरात ढिला होतो, पुन्हा ताणायचाच. दुसरं, व्होल्टमीटर करंट कुठल्या दिशेला जातोय ते दाखवत नाही. उभ्या गाडीत काहीतरी बॅटरी पीत असेल तर ते तारेभोवती लावायच्या क्लॅम्प मीटरने वगैरे वेगळं शोधावं लागतं. अॅमीटरचा सराव असलेल्याला सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल.

प्रीमियरने कुर्ल्यात बनवलेल्या डॉज-फार्गोंपैकी डायनामोची एखादी गाडी हाताशी असेल, तर वरचं रेग्युलेटर-वायरिंग तिला लागू नाही. अॅमीटरच्या वाटेतली व्होल्टेजची घट आधी मोजण्याचं काम मात्र तिथेही तेच.

सहा महिन्यांनी फ्यूजचे नट आणि लग हाताने चाचपून बघा. गाडी तासभर भाराखाली चालवून लगेच. हात टेकवत नसेल, तर तोच जोड उघडायचा.