२८ हजाराचं सिरॅमिक कोटिंग सांगून नव्या गाडीला मेण फासून दिलं, बेळगाव भागातल्यांनी डिलिव्हरीआधी वाचा

आमचं गाव चिक्कोडी तालुक्यात, घरचा ऊस. दोन हंगामांच्या बिलातनं बाबांनी पैसे बाजूला ठेवले, बाकीचं मी लोन काढलं आणि दसऱ्याला बेळगावातनं गाडी घेतली. रंग काळाच पाहिजे हा बाबांचा हट्ट. शोरूमचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे, पण जे झालं ते सगळं लिहितो कारण गेल्या दोन महिन्यात आमच्या पै-पाहुण्यातल्याच तिघांनी मला विचारलं की सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा संरक्षक थर, करू का म्हणून.

गाडी बुक करतानाच तिथल्या पोरानं आधार कार्डवरचा पत्ता वाचला आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडं कारखान्याची काजळी पडते की, काळी गाडी चार महिन्यात खराब होते बघा, सिरॅमिक करून घ्या, नाइन एच हाय, पाच वर्षं बघायला नको." २८ हजार. मी जरा मागंपुढं केलं तर त्यानं एक सुटं बॉनेट आणलं, त्यावर कसलं तरी लिक्विड ओतून पेटवलं, आग भडकली, फडक्यानं पुसलं, डाग नाही. बाबा एकदम खूश. आता कळतंय की जळतं ते वरचं लिक्विड, आणि दोन-चार सेकंदात पुसून घेतलं तर साध्या रंगालाही काही होत नाही. कोणी घरी करून बघू नका, पण ते बघून पैसे पण देऊ नका.

नाइन एचचं तर मला सरळ खोटंच सांगितलं, हिरा १० आणि हे ९. तसं काहीच नसतं. हिरा १० ही दगड-खनिजांची मोजपट्टी वेगळी, नाइन एच ही पेन्सिलची, म्हणजे कुठल्या शिशाच्या पेन्सिलनं ओरखडा उठतो एवढंच ती सांगते. साधी वाळू त्याच्यापेक्षा कडक असते. आणि आपल्याकडची काजळी म्हणजे जळालेल्या चिपाडाची राख, तिच्यात सिलिका असतं, म्हणजे ती बारीक वाळूसारखीच घासते. चोर्ला घाटातल्या खडीनंसुद्धा काही होणार नाही असं तो म्हणाला होता, ते पण खोटं. सिरॅमिकचा थर असतो एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यानं पाणी आणि घाण चिकटत नाही, धुणं सोपं होतं, रंगाची चमक टिकते. दगडाचा मार अडवायचा तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते आणि तिचा खर्च पण कितीतरी जास्त.

डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी अकराला गाडी आत नेली आणि तीनला बाहेर काढली, झालं म्हणाले. रंगाची जाडी मोजायचं एक मीटर लावून दाखवलं, आधी १०६ होतं आता १२१ आहे बघा सर, १५ मायक्रॉन कोटिंग चढलं. मी तो आकडा बघून गप्प बसलो, ही माझी मोठी चूक. एक-दोन मायक्रॉनचा थर असल्या मीटरवर नीट कळतच नाही, आणि कंपनीचा रंगसुद्धा एकाच गाडीवर जागोजागी कमीजास्त असतो, म्हणजे यानं फक्त मीटर दुसऱ्या जागी टेकवला. मग लगेच पाइपनं पाणी मारून थेंब कसे पळतात ते दाखवलं. हे पाणी मारणंच लक्षात ठेवा, खरं कोटिंग असेल तर पहिला दिवसभर तरी पाणी लागू देत नाहीत, आणि पूर्ण पक्कं व्हायला आठवडाभर लागतो तोवर शाम्पू मारू नका म्हणून सांगतात. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि आम्ही गाडी घेऊन हायवेला लागलो.

कारखाने सुरू झाल्यावर रोज पहाटे दंवात भिजलेली काजळी गाडीवर. बाबा सकाळी उठून कोरड्या फडक्यानं पुसायचे, काही होत नाही म्हणून सांगितलंय ना पोरानं. डिसेंबरात उन्हात बघितलं तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे, आणि पाणी ओतलं की सपाट पसरतंय, थेंब नाहीतच. फोन केला तर म्हणे काजळी बसली असेल, वॉश करा. हे अगदीच खोटं नाही, खरं कोटिंग पण घाणीनं दबतं, म्हणून मी उद्यमबागच्या बाजूला एका डिटेलिंगवाल्याकडं, म्हणजे गाडीच्या रंगाची सफाई-पॉलिश करणाऱ्याकडं, गेलो. त्यानं आधी शाम्पू, मग लोखंडाचे कण काढायचं केमिकल, मग मागच्या दरवाजाच्या कोपऱ्यात आयपीए, म्हणजे स्पिरिटसारखं असतं ते, त्यानं पुसून पाणी मारलं. कुठंच थेंब धरला नाही. दाराच्या फटीत पांढरं वाळलेलं पॉलिश मिळालं. हे कुणी केलं ते मी सांगू शकत नाही, पण हे कोटिंग नाही, मेणाचं पॉलिश आहे, असं त्यानं लेटरहेडवर लिहून दिलं. नीट काम म्हणजे धुणं, क्ले (रंगात रुतलेली घाण काढायची माती) फिरवणं, पॉलिशनं चरे काढणं, पुसणं आणि मग हातभर-हातभर जागेत लावत जाणं, त्याला एक-दोन दिवस जातात, चार तासात होतच नाही असं तो म्हणाला.

शोरूमला परत गेलो तर त्यांनी माझंच वॉरंटी कार्ड मला दाखवलं. मागं बारीक इंग्रजीत लिहिलेलं, दर चार महिन्याला तिथंच पैसे देऊन मेंटेनन्स केलं नाही तर वॉरंटी बाद. चार महिने झालेच नव्हते हो! कार्डावर कोटिंगचं नाव नाही, बॅच नंबर नाही, नुसता शिक्का. आणि बिलावर "अ‍ॅक्सेसरीज पॅकेज २८,०००". कोटिंग हा शब्दच नाही. मला वाचलं तो फक्त त्या पोराचा व्हॉट्सॅप मेसेज, त्यात पाच वर्षं आणि सिरॅमिक दोन्ही लिहिलेलं आहे.

आधी फुकट परत लावून देतो म्हणाले, मी नको म्हणालो, त्याच माणसांकडनं परत तेच. मग १० हजार घ्या आणि विषय सोडा. मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली आणि आता बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील लागतोच असं नाही, फक्त घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला पाहिजे.

पैशापेक्षा मला बाबांचं वाईट वाटतं. ते म्हणतात मीच पुसून पुसून गाडी खराब केली. कितीदा सांगितलं तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला खोटं सांगितलं, पण ते अजून सकाळी उठून गाडीकडं जातात आणि हात न लावता परत येतात.

ज्यांनी दसऱ्या-दिवाळीत बेळगावात गाडी घेताना असं कोटिंग करून घेतलंय त्यांनी आज बिल काढून बघा, त्यावर कोटिंगचं नाव लिहिलंय का, आणि सेल्सवाल्याचे मेसेज डिलीट करू नका.