एलेंटाल: क्रोन्सच्या रुग्णांसाठी उपयोगी, पण पिण्याची पद्धत सांभाळली तरच

जपानमध्ये क्रोन्स डिसीजच्या (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजाराच्या) औषधांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा पोषणाची एक पावडर असते: एलेंटाल. ईए फार्मा कंपनीची ही पावडर तिथे औषध म्हणून मिळते, खाद्यपदार्थ म्हणून नाही. त्यामुळे तिला आरोग्यविमा लागू होतो. क्रोन्स सरकारी दुर्धर आजारांच्या यादीत आहे. मदतीला पात्र ठरलेल्या रुग्णाला साधारण २० टक्केच खर्च उचलावा लागतो आणि त्यालाही उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा असते. तिकडे राहणाऱ्या मराठी रुग्णांनाही ही पावडर लिहून दिली जाऊ शकते, म्हणून तिच्यात काय आहे आणि ती कशी घ्यायची हे नीट समजून घ्यायला हवं.

एका पाकिटात ८० ग्रॅम पावडर, म्हणजे ३०० किलोकॅलरी. त्यात सुमारे ६३ ग्रॅम डेक्स्ट्रिन (पचायला सोपं कर्बोदक), १४ ग्रॅम सुटी अमिनो आम्लं (ज्यांपासून प्रथिन बनतं ते घटक) आणि फॅट जेमतेम अर्धा ग्रॅम. अख्खं प्रथिन अजिबात नाही, त्यामुळे सुजलेल्या आतड्याला ते तोडण्याचं काम उरत नाही.

अमिनो आम्लांचा हिशेब ६० किलोच्या माणसासाठी करू. आजार उसळलेला असताना युरोपीय पोषणतज्ज्ञांची एस्पेन संस्था रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगते, म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम. आजार शांत असताना किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास पुरतं. रोज तीन पाकिटं घेतली तर ४२ ग्रॅम अमिनो आम्लं मिळतात. त्यात ल्युसिन हे आवश्यक अमिनो आम्ल साधारण २.७ ग्रॅम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने निरोगी माणसाला किलोमागे ३९ मिलिग्रॅम, म्हणजे २.३ ग्रॅम लागतं. थ्रिओनिन हे दुसरं आवश्यक आम्ल दीड ग्रॅमच्या वर आणि गरज ०.९ ग्रॅमची. आतड्याच्या आतल्या चिकट अस्तरातलं म्युसिन हे प्रथिन थ्रिओनिनने भरलेलं असतं, म्हणून इथे थोडी सढळ मात्रा चांगलीच. ग्लुटामिन पाकिटामागे जवळजवळ २ ग्रॅम असतं. तेवढ्यावरून बाजारातला ग्लुटामिनचा वेगळा डबा घेऊ नका, क्रोन्समध्ये त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. निव्वळ बीसीएएची (ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांची) पावडरही नको. तिच्यात नऊपैकी तीनच आवश्यक आम्लं असतात आणि उरलेली सहा नसतील तर शरीर प्रथिन बांधू शकत नाही.

७२ ग्रॅमपैकी उरलेले ३० ग्रॅम ताटातून घ्यायचे. ६० ग्रॅम धुतलेली मूगडाळ, तीन अंड्यांचा पांढरा भाग आणि १०० ग्रॅम तांदळाचा मऊ भात, एवढ्यात ते होतात. तूप-तेल कमी ठेवा. आतडं अरुंद झालं असेल तर सालीची डाळ टाळा.

अर्धा आहार एलेंटालचा आणि अर्धा नेहमीचा, हीच पद्धत आम्हाला सर्वांत पटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत आजार शांत असलेले ५१ रुग्ण होते. सरासरी वर्षभरात अर्धा आहार घेणाऱ्यांपैकी ३४.६ टक्क्यांचा आजार उलटला, तर मोकळा आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण ६४ टक्के होतं. चाचणी लहान आहे, पण फरक मोठा आहे. मात्र उसळलेला आजार आटोक्यात आणायला सुटी अमिनो आम्लं अख्ख्या प्रथिनाच्या वैद्यकीय पावडरपेक्षा सरस ठरलेली नाहीत. त्यामुळे भारतात एलेंटालसाठी धावाधाव करण्याचं कारण नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर (मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजारावर) उपचार म्हणून तर ती घेऊच नये.

आता पिण्याचं. इथेच बहुतेकांचं बिनसतं. बाटलीत पावडर घाला, कोमट पाणी दोन-तृतीयांश भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि मग ३०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घाला. उकळतं पाणी नको, जीवनसत्त्वं जातात. या द्रावणात विरघळलेल्या कणांची दाटी रक्ताच्या अडीच पट असते. ते घटाघट प्यायलं की शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, मग पोटात कळा आणि जुलाब. काहींना नंतर साखर उतरून घामही फुटतो. अनेक जण याला 'पावडर सोसत नाही' म्हणून सोडून देतात, पण दोष बहुधा वेगाचा असतो. एक बाटली तासभर घोट घोट घ्या. पहिले काही दिवस तीच पावडर ६०० मिलिलिटरमध्ये विरघळवा आणि चार ते दहा दिवसांत पूर्ण दाटपणावर या. नाकातून घातलेल्या नळीने देताना ताशी ७५ ते १०० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये.

चव हा तिचा खरा कमकुवतपणा. सुट्या अमिनो आम्लांना कडवट चव आणि गंधकासारखा वास असतो. फ्रीजमध्ये गार करून झाकणाच्या ग्लासातून स्ट्रॉने प्या, वास कमी होतो. कंपनीची फ्लेवरची पाकिटंही मिळतात. त्यांतलं कॉफी आणि आंबा आपल्या जिभेला चालतं, कॉन्सोमे सूपचा खारटपणा मात्र सगळ्यांना झेपत नाही. केलेलं द्रावण फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा.

फक्त एलेंटालवर महिनोन् महिने राहणं धोक्याचं आहे. फॅट नगण्य असल्याने आवश्यक स्निग्धाम्लं कमी पडतात आणि सेलेनियमही घटतं. अशा रुग्णाने शिरेतून फॅट द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारावं आणि सेलेनियम तपासून घ्यावं. नुसत्या अल्ब्युमिनवरून (रक्तातल्या एका प्रथिनावरून) प्रथिनांचा अंदाज बांधू नये. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) चढलेलं असताना, खाणं पुरेसं असूनही अल्ब्युमिन खाली येतं. मूल हवं असलेल्या किंवा पहिल्या तीन महिन्यांच्या गरोदर स्त्रीने आठ पाकिटं घेतली तर 'अ' जीवनसत्त्व ५,००० युनिटच्या वर जातं, तेव्हा तिची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.