मुलींच्या वसतिगृहातली समुपदेशन सेवा: नऊ महिन्यांचा अनुभव

पुण्यातल्या एका ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहाची मी अकरा वर्षं रेक्टर आहे. १३८ मुली. आर्किटेक्चर, इंजिनिअरिंग, नर्सिंग, बीए आणि तीन वकिलीच्या. ऑगस्ट २०२५ पासून आम्ही एका संस्थेची समुपदेशन सेवा घेतोय. मुलींची ओळख निघू नये म्हणून संस्थेचं नाव देत नाही, पण अशी सेवा आणायच्या विचारात असलेल्या रेक्टरांनी हे जरूर वाचावं.

ट्रस्टींना पटवायला एकच बैठक लागली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं वाचून दाखवली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, हा सरकारी आकडाही सांगितला. मग खर्चाचा विषय कोणी काढला नाही.

संस्थेच्या समुपदेशक ताई मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते नऊ येतात. पहिल्यांदा त्यांना खालची व्हिजिटर्स रूम दिली, ती माझी चूक. मेसला जाणाऱ्या प्रत्येकीला आत कोण बसलंय ते दिसायचं. महिनाभरात फक्त सहा मुली आल्या. वाचनालयाशेजारची खोली दिली, आणि पुस्तक बदलायला जाते म्हणून मुली जाऊ लागल्या.

नोव्हेंबरमध्ये संस्थेने सगळ्यांकडून पीएचक्यू-९ हा नैराश्य तपासायचा फॉर्म भरून घेतला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, लक्ष कसं होतं ते विचारतात. 'अजिबात नाही'ला शून्य, 'जवळजवळ रोज'ला तीन. एकूण २७. गुण दहा किंवा जास्त आले की जाणकाराने नीट बोलून बघायचं. प्रश्नावली चांगलीच आहे, पण ती एकाच रविवारी सगळ्या शाखांना दिली, तिथे गडबड झाली. आर्किटेक्चरच्या मुलींची सबमिशन्स चालू होती, मॉडेल चिकटवत पहाटेचे चार वाजवत होत्या. झोपेच्या प्रश्नाला सगळ्यांचे तीन. त्या आठवड्यात आपण मुलींचं मन मोजलं की ज्युरीची, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायची, तारीख? इंजिनिअरिंगच्याही परीक्षा तोंडावर होत्या.

नर्सिंगच्या मुलींचे गुण मात्र सगळ्यांत कमी आले. मला ते खरे वाटेनात. मानसिक आरोग्य त्यांच्या अभ्यासातच आहे, कुठे खूण केली की काय निघतं हे त्यांना पाठ. शिवाय कॉलेजला कळेल ही भीती. त्यांच्यातल्या एकीचा वॉर्डातला पहिला पेशंट डिसेंबरमध्ये गेला. ती रात्रपाळीहून आली, थंड पाण्याने अंघोळ केली आणि तीन दिवस नीट जेवली नाही. कागदावर तिचे गुण होते चार. ताईंना कळवलं तेव्हा त्या ठरलेला दिवस नसताना सकाळी आठला आल्या आणि तिच्याबरोबर मेसमध्ये चहा घेत बसल्या. मी या सेवेवर विश्वास ठेवला तो त्या सकाळपासून.

बीएच्या मुलींचं दुखणं परीक्षेचं नाहीच. ते सुट्टीत निघतं. बॅगा भरून बाकीच्या घरी जातात आणि यांच्यातल्या काही जणी काहीतरी कारण काढून इथेच थांबतात, कारण घरी गेलं की स्थळाची बोलणी सुरू होतात. दिवाळीच्या सुट्टीत संस्थेने सेवा बंद ठेवली होती. हे मला अजिबात पटलं नाही आणि मी तसं लेखी कळवलं.

प्रश्नावलीवरून संस्थेने दिलेल्या अहवालाबद्दलही स्पष्ट लिहिते. शाखेनुसार तक्ता होता: 'विधी: ३ पैकी २'. म्हणजे वकिलीच्या तिघींपैकी दोघींचे गुण जास्त. तीन मुलींत त्या दोन कोण, हे ओळखायला काय लागतं? मी तो तक्ता ट्रस्टींपर्यंत जाऊच दिला नाही. आता दहापेक्षा कमी मुली असलेल्या शाखा एकत्र दाखवतात. नवव्या प्रश्नाचाही, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, वाद झाला. फॉर्म निनावी ठेवले तर तिथे खूण करणारीपर्यंत पोचणार कसं? शेवटी नावाऐवजी क्रमांक घातले. कोणता क्रमांक कोणाचा, ते फक्त ताईंकडे. फॉर्म भरून घेतात त्या दिवशी ताई रात्री दहापर्यंत थांबून ते तपासतात.

ताई नसतात त्या वेळेसाठी मी प्रत्येक मजल्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावलाय. सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मोठ्या अक्षरात लावा, आणि फोनजवळ नको, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला. तिथे मुलगी एकटी असते.

फेब्रुवारीत प्रश्नावली परत घेतली, यावेळी शाखेशाखेचं वेळापत्रक बघून. आर्किटेक्चरला सबमिशननंतर तीन आठवड्यांनी. तरीही ज्या सात मुलींचे गुण दहाच्या वर राहिले, त्यांचा थकवा सबमिशनचा नव्हता. सातहीजणींशी ताई बोलल्या, दोघींना पालकांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. एक अजून औषधं घेते आणि चौथ्या वर्षाची डिझाइन ज्युरी देऊन आली.

महिन्याला चौदा हजार देतो. मी सेवा पुढे चालू ठेवतेय. नव्या करारात दोन गोष्टी घालून मागितल्यात: नर्सिंगच्या मुलींसाठी सकाळची एक वेळ, आणि दिवाळीत व मे महिन्यात सुट्टी नाही. सकाळची वेळ मान्य झालीय. मे महिन्याचं उत्तर यायचंय, तोवर मी सही केलेली नाही.