धोतराला ऑस्कर? १९८३ च्या ऑस्करमधल्या पाच सिनेमांचे कपडे, शिवणारीच्या नजरेतून

नाटकांचे कपडे बेतणं, शिवणं आणि प्रयोगाला सुईदोरा घेऊन विंगेत उभं राहणं हा माझा धंदा. त्यामुळे ‘गांधी’ सिनेमाच्या वेशभूषेसाठी भानू अथय्यांना मिळालेल्या ऑस्करचा विषय निघाला की मला हमखास ऐकवलं जातं, ‘गांधी’त शिवायला होतं काय, सगळे तर धोतरात! मी दरवेळी तावातावाने भांडते. पण खरं सांगायचं तर त्या वर्षी समोर कोण होतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. १९८३ च्या ऑस्करला वेशभूषेसाठी नामांकन मिळालेले पाचही सिनेमे, पाच रात्री, मांडीवर वही घेऊन.

‘ट्रॉन’पासून सुरुवात केली, म्हणजे कंटाळा आला तर लवकर संपेल. हा संगणकाच्या आत घडणारा सिनेमा. नट पांढऱ्या अंगाबरोबर पोशाखात, त्यावर काळ्या रेघा, मागे काळा सेट. चित्रण कृष्णधवल, आणि त्या रेघांमधला उजेड नंतर एकेका फ्रेमवर भरलेला. म्हणजे पोशाखाचं निम्मं काम शिंप्याने केलं, निम्मं अ‍ॅनिमेशनवाल्यांनी. गंमत अशी की स्पेशल इफेक्ट्सच्या यादीत हा सिनेमा नव्हताच, वेशभूषेच्या यादीत होता! एलोइस जेन्सन आणि रोझॅना नॉर्टन या दोघींचं काम. पैकी जेन्सनबाईंना आधी ‘सॅमसन अँड डिलायला’साठी ऑस्कर मिळालेलं, म्हणजे बायबलमधल्या झग्यांपासून थेट दिव्यांच्या रेघांपर्यंत. कल्पनेला पैकीच्या पैकी. पण कापड कापडासारखं वागताना दिसत नाही, त्यामुळे माझा जीव रमला नाही. त्याच वर्षीच्या ‘ब्लेड रनर’ला या यादीत जागा नव्हती, याचा मला त्याहून जास्त राग आला.

‘सोफीज चॉइस’ बघताना वही बाजूला पडली. अल्बर्ट वोल्स्कींनी ब्रुकलिनच्या १९४७ च्या उन्हाळ्यात सोफीला असे नाजूक, हलके कपडे दिलेत की पुढे नाझींची छळछावणी आली तेव्हा पोटात गोळा आला. जास्त लिहिवत नाही.

‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ मात्र धंद्यातल्या माणसाने बघावाच. १९३४ चं पॅरिस. पावसात भिजून नायिकेचा ड्रेस आटतो, म्हणून ती पुरुषाचा सूट चढवते आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. कथानकाच्या मुळाशी आटलेलं कापड! पुढे बाईने पुरुष व्हायचं आणि त्या पुरुषाने रंगमंचावर बाई व्हायचं. पॅट्रिशिया नॉरिस यांच्यापुढचा पेच बघा. पुरुषी कोट ज्युली अँड्र्यूजवर अगदी चपखल बसला तर बाई दिसणार, ढगळ झाला तर उसना दिसणार. खांदे आणि मुंढे (जिथे बाही जोडतात) या दोनच जागांवर सगळा डाव आहे. त्यांनी तो निभावलाय. थोडासाच उसना दिसतो, आणि तोच विनोद आहे.

आता ‘ला ट्राव्हियाटा’. झेफिरेल्लींचा ऑपेरापट, कपडे पिएरो तोसींचे. इथे मी दोनदा मागे जाऊन बघितलं. घेरदार झगे, आवळलेल्या चोळ्या, उघडे खांदे. गाणारीची चोळी शिवणं म्हणजे शिक्षाच: बाहेरून घट्ट दिसायला हवी आणि आत पूर्ण श्वासाला जागा हवी. गाणं आधी ध्वनिमुद्रित असलं तरी छाती भरलेली दिसायला नको का? शिवणकामाच्या नुसत्या कसबावर गुण द्यायचे तर माझा पहिला नंबर इथेच. तोसींना पाच नामांकनं मिळाली, पण स्पर्धेतलं ऑस्कर एकदाही नाही. मानद पुरस्कार मिळाला तो थेट २०१३ मध्ये.

आणि ‘गांधी’. कामाची वाटणी अशी होती: गोऱ्यांचे कपडे आणि गणवेश जॉन मोलोंकडे (गणवेश हा त्यांचा अभ्यासाचा विषय, ‘स्टार वॉर्स’चं ऑस्कर आधीच खिशात), आणि भारतीय माणसं भानूताईंकडे. १८९३ च्या रेल्वेच्या डब्यात बॅरिस्टर गांधी कडक सुटात बसलेले दिसतात. तिथून १९४८ पर्यंत नायकाच्या अंगावरचं कापड कमी कमी होत जातं. वाढवत नेणं सोपं असतं हो. एकदा माझ्या एका नटाचा कासोटा भर प्रवेशात सुटला होता, तेव्हापासून न शिवलेल्या कापडाची मला धास्ती आहे. शिवलेला कोट खुंटीवरसुद्धा कोटच असतो. धोतर दर टेकला नव्याने नेसवायचं, निऱ्या मघाच्याच जागी आल्या पाहिजेत, आणि कोरं असेल तर खळ जाईपर्यंत ते फुगलेलंच राहतं. रोहिणी हट्टंगडी तेव्हा तिशीच्या आसपास, आणि कस्तुरबांचं म्हातारपण त्यांच्या डोक्यावरच्या पदराने निम्मं पेललंय.

तक्रारही आहे. दांडीला चोवीस दिवस चालून आलेली माणसं मला फार धुवट वाटली. थोडी धूळ, थोडा घाम हवा होता.

पण नदीकाठचा प्रसंग आठवा. फाटक्या लुगड्यातली बाई पाण्यात, आणि गांधी आपलं पांढरं कापड प्रवाहात सोडून देतात. ते वाहत तिच्याकडे जातं. संवाद नाही. त्या कापडाला एक टाका नाही, काज नाही, बटण नाही. मी वहीत ‘ला ट्राव्हियाटा’पुढे लिहिलेला ‘१’ हा आकडा खोडला आणि इथे लिहिला.